पायाळू पोरीचा पाय

परवा सोसायटीच्या सभेत कुणीतरी सेक्रेटरींना ‘सोसायटीचा कणा’ म्हणालं. हल्ली कणा कशालाही लागतो, बाई! पक्षाला, शेतीला, पुस्तकाला. एखाद्याला हिणवायचं तर त्याला कणाच नाही म्हणतात. माझ्या बाबांना मात्र तो होता. आमच्या चांदीप गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं आणि कुणाची भीडभाड ठेवली नाही.

मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, दुखणं उतरतं, असं गावात मानतात. शेजारच्या काकी कमरेवर हात ठेवून यायच्या. “सर, उसन भरलीय, पोरीला पाठवा ना.” बाबा भडकायचे. “काकी, दवाखाना गाठा. हा काय खुळेपणा!” मग आई मला हळूच मागच्या दाराने पाठवायची. मला तर मज्जाच वाटायची.

गेल्या वर्षी बाबांना विरारला माझ्या घरी आणलं. कॅन्सर मणक्यांत उतरला होता. एक मणका खचलाय, धक्का लागू देऊ नका, आता फक्त दुखणं कमी करायचं, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांना मी म्हटलं, झीज आहे.

एका दुपारी भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेले असताना ते म्हणाले, “बाय, जरा पाय लाव गं.”

“बाबा, अहो तुम्हीच ना...”

“लाव गं. गोळीने काही होत नाहीये.”

असा संताप आला मला! त्यांचा नाही, त्या मेल्या दुखण्याचा. या माणसाला त्याने हे मागायला लावलं. मी पलंगाच्या कडेला बसले, खिडकीचं ग्रिल घट्ट धरलं आणि पाऊल त्यांच्या पाठीला नुसतं टेकवलं. भार मुळीच दिला नाही. बापाच्या पाठीला पाय लावताना कसंतरीच झालं. सदऱ्यातून एकेक मणका तळव्याला लागत होता. मला रडू आवरेना, पण आवाज होऊ दिला नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “बरं वाटलं हो. झीजच आहे ना, येईल भरून.”

मी पाय काढला आणि त्यांचं तोंड बघायला पुढे वाकले. डोळे मिटलेले होते, आणि चादर त्यांनी दातांत धरली होती.