उडीनंतरची पांढरी रेघ

धुळ्याला मोटारसायकलच्या शर्यती होणार ही बातमी जामनेरात सलीमने आणली आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. शर्यतीत उतरणार होता तो. मला फक्त फोटो काढायचे होते, पण काळजी करायचे काम आमच्या दोघांत पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

सलीमचे गॅरेज आमच्या फोटो स्टुडिओच्या बरोबर समोर. मोडीत निघालेल्या दोन गाड्यांमधून त्याने तिसरी उभी केली होती. तिला दिवा नव्हता, सायलेन्सर नव्हता, आणि ती सुरू झाली की आमच्याकडे पासपोर्ट फोटोला बसलेले गिऱ्हाईक दचकून डोळे मिटत असे. सलीमचे म्हणणे, गिऱ्हाईक दचकते म्हणजे इंजिन बरोबर लागले आहे.

स्टुडिओचे मालक नाना. मी त्यांच्याकडे डार्करूम सांभाळतो आणि पासपोर्ट फोटो काढतो. लग्नाचा मोठा कॅमेरा मात्र नाना स्वतःच्या गळ्यातून काढत नसत. आमच्या दर्शनी काचेत सहा वर्षे एकाच नवरदेवाचा फोटो होता. उन्हाने त्याचा फेटा आणि चेहरा एकाच रंगाचे झाले होते. धुळ्यासाठी कॅमेरा मागितला तेव्हा नाना बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "गाडी पळतेय हे कळलं पाहिजे आणि पोराचं तोंडही ओळखू आलं पाहिजे. असा एक फोटो आण. तो या काचेत लावण्यासारखा निघाला, तर लगीनसराईपासून कॅमेरा तुझा. नाही निघाला तर डार्करूम कुठे जात नाही."

मी आठ दिवस बसस्टँडवर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीबरोबर कॅमेरा फिरवायचा सराव केला, कॅमेऱ्यात रोल न घालता. कंडक्टर मला ओळखू लागले. एकाने तर विचारले की मला गाडी चुकते आहे का.

शनिवार

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी रस्ता सांगतो. जामनेरहून नेरीमार्गे जळगाव, तिथे गाडी बदलून एरंडोल, पारोळा आणि धुळे. एसटीने निम्मा दिवस धरून चाला. आमच्याबरोबर मोटारसायकल असल्यामुळे आम्ही मार्केट यार्डातून धुळ्याला बारदान, म्हणजे रिकामी पोती, नेणारा टेंपो पकडला. बारदानाच्या गठ्ठ्यांवर बसायला मऊ असते, पण त्याचे बारीक तंतू उडतात, म्हणून कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग टॉवेलमध्ये आणि मग मांडीवर ठेवावा. मी तसेच केले. सलीम म्हणाला की तान्हे बाळही लोक याहून मोकळे नेतात.

गाडी दोराने चार ठिकाणी बांधली होती. मी एरंडोलपर्यंत तीन वेळा गाठी तपासल्या. चौथ्यांदा उठलो तेव्हा सलीमने पाय आडवा घातला.

पारोळ्याच्या अलीकडे टेंपोवाल्या भाऊंनी जेवायला थांबवले. शेवभाजी आठ रुपये प्लेट, भाकरी वेगळी, कांदा मागाल तितका. रस्सा इतका झणझणीत की पहिल्या घासाला कानात काहीतरी वाजले. मी दुसऱ्या दिवशीच्या पोटाचा विचार करून अर्धीच प्लेट घेतली. सलीमने दोन संपवल्या, माझी उरलेली अर्धी संपवली आणि विचारले, की पोट बिघडल्याने तुझा फोटो थोडाच हलणार आहे?

धुळ्यात बसस्टँडजवळच्या लॉजवर वीस रुपयांत खाट मिळते. चादर आपली न्यावी. संध्याकाळी चालत मैदान बघून आलो. गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर मातीचा वळणावळणाचा रस्ता आखला होता. मध्ये मातीचे पाच उंचवटे. शेवटचा सगळ्यात उंच, माझ्या डोक्याच्याही वर. गाडी त्यावरून सुटली की हवेत जाणार आणि पंधरा-वीस पावले पुढे उतरणार, हे मला उभ्या उभ्या दिसले. माझा फोटो तिथेच होता.

सलीमलाही तो उंचवटा दिसला. परतीच्या वाटेवर त्याने दोन वेळा चहा घेतला.

रविवार

सकाळी टँकरने पाणी मारून धूळ बसवली होती. नऊपर्यंत ती पुन्हा उठली. मैदानाच्या चारी बाजूंनी माणसे, ट्रकच्या टपावर माणसे, बाभळीवर माणसे. नानांची चिठ्ठी दाखवून मला छातीवर लावायचा पास मिळाला, त्यामुळे दोरीच्या आत उभे राहता येत होते. पास मी दोन टाचण्यांनी लावला.

आता माझी अडचण सांगतो. गाडी हवेतून येणार, तिच्याकडे बघत लेन्स फिरवून फोकस करेपर्यंत ती निघून जाणार. म्हणून आधीच एका जागेवर फोकस धरून ठेवायचा आणि गाडी त्या जागेवर आली की बटण दाबायचे. स्टुडिओत आम्ही हेच करतो. फरशीवर खडूने रेघ मारतो, गिऱ्हाईक तिथे उभे राहते, पुन्हा फोकस करावा लागत नाही. इथे उघड्या मातीत नजर ठरेल अशी एकही खूण नव्हती. तेवढ्यात मला फक्कीचे, म्हणजे पांढऱ्या भुकटीचे, घमेले घेऊन रेषा आखणारे एक आबा दिसले. मी त्यांच्याकडे दोन मुठी फक्की मागितली.

"काबरं? खावाले पाहिजे का?" आबांनी विचारले, पण घमेले पुढे केले.

शेवटच्या उंचवट्याच्या पुढे, गाडी जिथे उतरेल तिथे, मी साडेचार फुटांची रेघ मारली. टेपने मोजून, दोन्ही टोकांना खडा ठेवून. ती इतकी सरळ आली की मला स्वतःचेच कौतुक वाटले.

त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पंच सगळ्या स्पर्धकांना नियम सांगत होते. पाच फेऱ्या, पहिले दोघे अंतिम फेरीत, आणि शर्यत संपते शेवटच्या उडीनंतरच्या पांढऱ्या रेघेवर. त्यांची रेघ वळणाच्या पलीकडे, मंडपासमोर होती. माझी वळणाच्या अलीकडे. हे सगळे मला नंतर कळले.

पहिल्याच शर्यतीत सलीम होता. सतरा नंबर. झेंडा पडला, आठ गाड्या एकदम सुटल्या आणि माझ्या छातीत नवव्या गाडीसारखे काहीतरी धडधडले. पहिल्या फेरीला मी घाईत बटण दाबले. दुसऱ्या फेरीला उशिरा. तिसऱ्या फेरीला सलीम पहिला आला होता, आणि ते बघण्याच्या नादात बटण दाबायचेच राहिले. चौथ्या फेरीत समोर मातीचा पडदा.

पाचव्या फेरीला मी श्वास धरला. गाडीचा आवाज उंचवट्यामागे चढत गेला, एकदम मोकळा झाला आणि सलीम हवेत दिसला. गाडी उतरली ती बरोबर माझ्या रेघेवर. तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत मी बटण दाबले. आणि कॅमेऱ्यातून बघतानाच मला दिसले, की सलीमने हँडलवरचा डावा हात काढून उंच धरला आहे आणि तो तोंडभर हसतो आहे.

मला कळेना, हा इतक्या लवकर का हसतो? मग त्याच्या गाडीचा आवाज उतरला. हात वर ठेवूनच तो वळणाशी रमतगमत आला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन गाड्या सूं करून गेल्या. तिघे मंडपाकडे वळले तेव्हा सलीम तिसरा होता.

लोकांना याहून चांगले काय हवे होते. बाभळीवरून कोणी ओरडले, "जामनेरवाला टाटा करी राहिना रे!" आणि सगळे मैदान त्याला टाटा करू लागले. सलीम गाडी सोडून पंचांकडे धावला आणि वळणामागे बोट दाखवू लागला. पंच त्याच्याबरोबर चालत आले. माझ्या रेघेपाशी थांबले. वाकून बघितले. मग कर्णा घेतला आणि सगळ्या मैदानाला विचारले, की ही रेघ कोणी मारली.

मी हात खिशात घातले. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते. खिशात घातल्यावर पँटही पांढरी झाली. फक्कीवाले आबा लांबून माझ्याकडेच बघत होते, पण बोलले नाहीत.

खरे सांगतो, मी तिथे उभे राहून हिशेब केला. रोलमध्ये वीस फोटो शिल्लक होते. आत्ताचा फोटो नीट आला आहे की नाही हे जामनेरला रोल धुतल्याशिवाय कळणार नव्हते. पुढे अजून पाच शर्यती आणि अंतिम फेरी होती. गप्प राहिलो तर मी दोरीच्या आत राहणार होतो आणि सलीम घरी जाणार होता. बोललो तर पास जाणार, आणि पासाबरोबर नानांच्या काचेतली जागा. एवढा विचार करेपर्यंत सलीमची नजर माझ्या पँटीवर पडली. तो ओरडला असता तर मी कदाचित गप्प राहिलो असतो.

मी पुढे गेलो आणि सांगितले की रेघ माझी आहे.

"कशासाठी?" पंच.

"फोकससाठी, सर. साडेचार फूट आहे."

"मोजून मारली?"

"हो सर. वाकडी येऊ नये म्हणून."

पंचांनी कर्णा खाली केला नव्हता. त्यामुळे हे सगळे मैदानाने ऐकले आणि आता टाटा करायला त्यांना दुसरा माणूस मिळाला. पंचांनी माझ्या छातीवरचा पास काढला. दोन टाचण्या असल्यामुळे त्यांना वेळ लागला. मग त्यांनी जाहीर केले की ही शर्यत अंतिम फेरीच्या आधी पुन्हा होईल, आणि माझ्या हातात झाडू दिला. रेघ मी पुसली. तेवढा वेळ सलीम बाजूला उभा राहून गॉगल पुसत होता.

"टोकाला थोडी राहिली," तो म्हणाला. त्या शर्यतीनंतर तो माझ्याशी बोलला ते हे पहिले वाक्य. मी टोकही पुसले.

पुन्हा झालेल्या शर्यतीत तो दुसरा आला आणि अंतिम फेरीत गेला. मी ते दोरीबाहेरून, एका ट्रकच्या मागच्या फळीवर चढून बघितले. बाकीचे वीस फोटो तिथूनच काढले. त्यांतल्या अकरांत माझ्या पुढच्या माणसाचा डावा कान आहे. चांगला आला आहे कान. अंतिम फेरीत बारा गाड्या होत्या. सलीमची चेन दोनदा उतरली, दोनदा त्याने ती खाली बसून चढवली, आणि तो आठवा आला. चौघे मध्येच सोडून गेले होते, म्हणजे शेवटून पहिला. तरी त्याने वळण ओलांडून, मंडपासमोरची रेघ नीट बघून, मगच गाडी थांबवली.

सोमवार आणि नंतर

परतीला तोच टेंपो मिळाला, या वेळी रिकामा. बसायला मऊ काही नाही, तेव्हा येताना अंगाखाली घ्यायला एक घोंगडी न्यावी. सलीम पारोळ्यापर्यंत गाडीच्या चेनकडे बघत बसला. मी माफी मागायचे दोन-तीन प्रकार मनात जुळवून बघितले. शेवटी तोच म्हणाला, "हात वर केला, तेव्हाचा काढला का?"

बटण दाबले होते, मी म्हटले. काय आले असेल ते सांगता येत नाही.

जळगावला चहा पिताना त्याने पुन्हा तेच विचारले आणि मी पुन्हा तेच सांगितले.

त्याच संध्याकाळी रोल धुतला. ओल्या निगेटिव्हवर तो फोटो शोधून कागदावर घेतला आणि रसायनातल्या कागदावर तो हळूहळू वर आला. आधी चाक, मग हात, मग दात. मागची बाभळ आणि माणसे ओढल्यासारखी पुसट झाली होती, चाकाच्या आऱ्या दिसतच नव्हत्या, आणि मधोमध सलीमचा चेहरा, भुवईला चिकटलेल्या मातीच्या कणासकट. इतका आनंदी माणूस मी आमच्या स्टुडिओत कधी बघितला नव्हता. आम्ही त्यांना हलू नका म्हणतो, हेही कारण असेल.

नानांनी भिंग लावून बघितला. काच उघडून नवरदेवाला बाहेर काढला आणि मला मोठी प्रिंट काढायला सांगितली.

माझे मन मात्र खात होते. हा फोटो बघून लोकांना वाटणार की सलीम जिंकला. मी एका पुठ्ठ्यावर नीट अक्षरात लिहिले: स्थळ, शर्यत, आणि अंतिम फेरीत आठवा क्रमांक. तो पुठ्ठा फोटोखाली ठेवत होतो, तेवढ्यात सलीम रस्ता ओलांडून आला. आधी फोटो बघितला, बराच वेळ. मग पुठ्ठा वाचला.

"हे काढ," तो म्हणाला.

"पण तू जिंकला नव्हतास."

"तेव्हा जिंकलो होतो ना. त्या वळणापर्यंत तरी." त्याने पुठ्ठा उचलून माझ्या हातात दिला. "तुझी रेघ नसती तर मी असा हसलोच नसतो. बाकीच्या पोरांसारखं ओठ मिटून गेलो असतो निघून."

पुठ्ठा मी काढला. लगीनसराईत पहिले लग्न पहूरला होते, तिथे कॅमेरा माझ्या गळ्यात होता. वरमाला पडताना नवरीला हसू फुटले आणि ती हलली. मी तिला थांबवले नाही.

काचेपुढे आजही कोणी ना कोणी थांबते आणि विचारते, पहिला आला का हा? मी खरे तेच सांगतो, की आठवा. मग तो माणूस पुन्हा वाकून फोटो बघतो, पहिल्यापेक्षा जास्त वेळ, आणि बहुतेक वेळा स्वतःही हसत पुढे जातो.