‘काळी पाच’ची नवी कॅसेट

संगीतातलं मला कळतं, असा मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सर्वसाधारण समज होता. तो मीच पसरवला होता. भजनी मंडळात पेटी वाजवणारा मी एकटाच, त्यामुळे वाद घालायला कोणी नव्हतं!

म्हणूनच धाकटी बहीण शोभा जेव्हा म्हणाली, “दादा, मला नंदूशी लग्न करायचंय,” तेव्हा मी मुलाचा पगार विचारला नाही. (तो पवईला इंजिनिअर होता, तिथे तक्रारीला जागाच नव्हती.) मी विचारलं, “तो गाणारा?”

नंदूचा आणि त्याच्या तीन मित्रांचा बँड होता. गाणी स्वतःच लिहायची, चाली स्वतःच लावायच्या, कॅसेट स्वतःच काढायची आणि ओळखीच्यांच्या गळ्यात मारायची. बँडचं नाव ‘काळी पाच’. आता पेटीवरची काळी पाच ही बायकांची पट्टी, आणि गाणारे चार मिशीवाले बाप्ये! त्यांची पहिली कॅसेट मी वर्षापूर्वी शेजारी ऐकली होती. माळ्यावरून भांड्यांचं पोतं पडावं तसा आवाज, आणि त्यात कोणीतरी घाईघाईनं ओरडतंय.

“बाबांच्या माघारी तुझं बघायचं ते मला. आणि मला हे स्थळ पसंत नाही,” मी सांगून टाकलं.

शोभाचे डोळे भरले. “त्यांची नवी कॅसेट आलीय. एकदा ऐक तरी. नाही आवडली तर मी पुन्हा विषय काढणार नाही.”

आमच्या टेपरेकॉर्डरची वायर उंदरानं कुरतडली होती, त्यामुळे तो सेलवर चाले. आणि सेल संपले की ते मी गच्चीवर उन्हात घालत असे. (सांडगे, पापड आणि सेल, एकाच चादरीवर. उन्हानं सेलमध्ये पुन्हा जीव येतो, हे कोणाला ठाऊक नाही?) तसे दुपारभर तापवलेले सेल घातले आणि बटण दाबलं.

आणि काय तो आवाज! खर्जातला, भारदस्त! तलावाकाठी कोणाची तरी वाट बघत बसलेल्या माणसाचं गाणं होतं. इतकं सावकाश गायलं होतं, की ती बाई काही आता येत नाही अशी माझी खात्रीच पटली. मला भरून आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई पदराला हात पुसत आली.

“कोण रे ह्यो? तुझ्या बापाशीचो आवाज अगदी असोच होतो रे, झिला!”

वर्षभरात हे पोरगं एवढं बदललं कसं? मला चैन पडेना. गुरू केला असेल? की आजारी होता? मी रोज कॅसेट ऐकू लागलो, आणि गंमत म्हणजे दर वेळी ती आणखी गंभीर वाटे. चांगल्या गाण्याचं असंच असतं, ऐकाल तितकं खोल जातं! शेवटी मी ते तलावाचं गाणं पेटीवर बसवलं, मंडळाला शिकवलं, आणि “मुलगा हिरा आहे” असं सांगून जिन्याजिन्यात पेढेही वाटले. शोभा तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, लाजली.

मग ‘काळी पाच’चा मुलुंडच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. मी आई, शोभा आणि अख्खं भजनी मंडळ घेऊन पहिल्या रांगेत. पडदा उघडला आणि पुन्हा ते भांड्यांचं पोतं पडलं! आईनं कानांवर हात ठेवले. मंडळातले सगळे माझ्याकडे बघू लागले.

“पोरं घाबरलीत,” मी म्हणालो. “स्टेजवर होतं असं. घाई होते.”

इतक्यात नंदूनं माईक घेतला. “आमचं एक गाणं दादांना पाठ आहे असं ऐकलंय. दादा, या ना!”

आता या पोरांना लय म्हणजे काय ते दाखवावंच! मी स्टेजवर गेलो, डोळे मिटले आणि सुरू केलं. बँड दुसऱ्या कडव्यात पोचला तेव्हा मी पहिल्या ओळीच्या मधोमध होतो. मागून कोणीतरी ओरडलं, “काका, गिअर टाका!” नंदूनं मागे वळून हात खाली केला. ड्रम हळू झाला, गिटार उतरली, आणि नंदू माझ्या पट्टीत, माझ्या चालीनं, बैलगाडीच्या वेगानं स्वतःचं गाणं गाऊ लागला. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. संपलं तेव्हा टाळ्यांनी हॉल दणाणला.

विंगेत मी त्याला म्हटलं, “असंच गा की रे, कॅसेटसारखं!”

तो अवघडला. “दादा... कॅसेट पण फास्टच आहे. शोभा सांगत होती, तुमचे सेल उतरलेत, टेप हळू फिरते...”

“गाढवा, मग तिथेच का नाही सांगितलंस?”

“एवढ्या लोकांसमोर? तुम्हाला?”

भरल्या हॉलमध्ये जो माझी लाज राखायला स्वतःच्या गाण्याची वाट लावून घेतो, त्याच्या घरी बहीण सुखात राहील, एवढं मला कळलं. संगीतातलं नसेल कळत! “मुहूर्त बघू या,” मी म्हणालो, आणि उगाचच डोळे पुसले.

घरी जाताना मी शोभाला म्हटलं, “काही म्हण, पण टाळ्या सगळ्यात जास्त माझ्याच गाण्याला पडल्या!”

“हो ना दादा,” शोभा म्हणाली. “लोकांना वाटलं, आता काही हे संपत नाही.”