आखातातली हाक

आमच्या घरी लाकडाची एक चौकट होती. दाराच्या अर्ध्या उंचीची, चारी बाजूंनी तांब्याची तार गुंडाळलेली, मधल्या खुंट्यावर गोल फिरणारी. पाहुण्यांना तो मागाचा तुटका भाग वाटे. ती फिरवायचं काम माझ्याकडे होतं.

हे फोर्टात एका कचेरीत कारकून होते. छंद एकच, वायरलेसचा. लढाई संपल्यावर लष्करातले जुने सेट चोरबाजारात विकायला आले, त्यातला एक यांनी आणून दुरुस्त केला होता. गाणी आणि बातम्या शेजाऱ्यांच्या रेडिओवर फुकट ऐकू येत. आमच्या सेटवर ऐकायची ती बीकनं. विमानाला वाट सापडावी म्हणून विमानतळावरून एक खूण सारखी सोडतात, तिला बीकन म्हणतात. एक लांबलचक सूर, आणि मधेमधे त्या विमानतळाचे ठरलेले ठोके, काही आखूड, काही लांब. ठोक्यांवरून गाव ओळखायचं. नागपूर लागलं की हे साधेच असत, कराची लागली की दिवसभर खुशीत.

आम्ही अंधेरीला राहायचो, आणि सांताक्रूझचं विमानतळ अगदी उशाशी. तिथल्या बीकनचा आवाज एवढा मोठा की बाकी सगळं त्याखाली दबून जाई. पण चौकट एका ठरावीक कोनात वळवली की तो आवाज बारीक होत होत विझायला येई, आणि त्याच्या मागून कुठलं कुठलं वर येई.

"जवळचं बुजव, म्हणजे लांबचं ऐकू येईल," हे म्हणायचे. पहाटे, दूधवाला यायच्या आधी, मी चौकटीवर हात ठेवून बसायची आणि हे हेडफोन लावून मान हलवायचे. "थोडं. अजून थोडं. अगं, पुढे गेलीस! तुला काय दळण दळायचंय?"

मी हसायची. विचारायची मात्र काही नाही. चौथीत शाळा सुटली. यांच्यापुढे तोंड उघडलं तर आपलं अडाणीपण बाहेर पडेल असं मला वाटे.

तेव्हा आई आमच्याकडे होती. माझी आई. लेकीच्या घरी आईनं राहायची आमच्यात रीत नाही, पण वडील गेले, गावचं घर भावकीत अडकलं, आणि माझा एकुलता एक धाकटा भाऊ आखातात नोकरीला गेला. जाताना म्हणाला, "ताई, दोन वर्षं सांभाळ हिला. आलो की खोली घेतो." यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. म्हटलं ते शेजारणींनी. नळावर एक बाई आईला रोज विचारायची, "काय आजी, अजून इथंच का? मुलाचा काही निरोप?" आई कळशी उचलायची आणि म्हणायची, "येतलो. तू इचारून थकूच्या आधी येतलो."

भावाला सही करण्यापुरतं लिहिता येई. पत्र तो कुणाकडून तरी लिहवून घ्यायचा. एका पत्रात आलं, की मी इथल्या विमानतळावर आहे, विमानांना बोलावणारं यंत्र ज्या खोपटात असतं तिथं माझी नेमणूक आहे. ते वाचून यांचे डोळे चमकले. कुठूनशी एक यादी आणून त्यांनी त्या ठिकाणाचे ठोके शोधून काढले: दोन आखूड, एक लांब, थोडी उसंत, मग एक आखूड, एक लांब.

पावसाळ्यात हे सगळं बंद असे. ढगातल्या विजेनं सेटमध्ये नुसती चणेफुटाण्यांची कढई तडतडायची. कार्तिकात आकाश निवळलं, आणि मार्गशीर्षातल्या एका पहाटे यांनी हात वर केला. मी चौकट तिथंच धरली. त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

"घे. तुझा भाऊ बोलतोय."

समुद्रापलीकडून, पार तळातून आल्यासारखा बारीक सूर. मग ठोके. दोन आखूड, एक लांब, उसंत, एक आखूड, आणि शेवटचा लांब. पण तो शेवटचा पुरा झालाच नाही. मधेच तुटला. पुन्हा सूर, पुन्हा ठोके, पुन्हा शेवटचा तसाच तुटका.

मी हेडफोन कानाशी घट्ट दाबला. गावी भजनात झांज माझ्या भावाकडे असायची. शेवटचा ठोका पुरता घुमायच्या आत तो झांज छातीशी दाबून टाकायचा. बुवांनी किती वेळा झापलं असेल, "अरे, देवाच्या दारातून पळून चाललास काय?" ती खोड गेली नाही. आणि इथं, एवढ्या लांब, तीच खोड मी कानांनी ऐकत होते. भाऊ खोपटात बसून हातानं हे ठोके देतोय, याबद्दल मला तिळभर शंका उरली नाही.

मी आईला उठवलं. तिनं हेडफोन उलटा धरला, मग नीट लावला. ऐकता ऐकता तिचे ओठ हलू लागले.

"शेवटचो दाबल्यान," ती म्हणाली. "त्येचोच हात."

हे नुसते हसले. आम्हाला आनंद झालाय एवढंच त्यांना कळलं. आम्ही काय समजून बसलोय हे आम्ही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

त्या थंडीत आई रोज माझ्याआधी उठायची. आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन सेटसमोर बसायची, देवळात बसावं तशी. एखाद्या दिवशी आवाज स्पष्ट आला की म्हणायची, "आज बरो जेवलो हा." बारीक आला की, "थकलो हा आज." नळावरच्या बाईला तिनं सांगून टाकलं, "माझो झील रोज पहाटे बोलता माझ्याशी. तुझो तर शेजारच्या खोलीत ऱ्हवान बोलणा नाय." ती बाई अर्धीच कळशी उचलून चालती झाली.

पत्र मात्र यायचं थांबलं होतं. आमच्यात पाळी असायची, त्याचं पत्र आलं की आमचं उत्तर. दिवाळीला मी उत्तर टाकलं होतं, तेव्हा पाळी त्याची. संक्रांत झाली, शिमगा झाला. एकदा मी आईला म्हटलं, "आपणच टाकूया का एक?"

"कित्याक?" आई म्हणाली. "रोज ऐकतंव ना आपण तेका? लिहूक बसलो तर ठोके कोण देतलो?"

मलाही ते पटलं. मग वैशाख आला, सेट तडतडायला लागला, आणि पावसाळाभर काहीच नाही. आई दिवस ढकलत राहिली. कार्तिक उजाडला की ऐकू येईल, एवढ्यावर.

कार्तिक उजाडला. यांनी पुन्हा ते ठिकाण पकडलं आणि हेडफोन माझ्याकडे दिला. दोन आखूड, एक लांब, उसंत, एक आखूड, एक लांब.

शेवटचा ठोका पुरा होता.

मी वाट पाहिली. पुढच्या खेपेलाही पुरा. सरळ, गुळगुळीत, मापात कापल्यासारखा. आई हात पुढे करून बसली होती. मी हेडफोन दिला नाही. म्हटलं, "आज नीट नाही येत." आणि न्हाणीत जाऊन उभी राहिले.

यांची निघायची वेळ होईपर्यंत मी कशी राहिले कोण जाणे. बुटाची नाडी बांधत होते तेव्हा म्हटलं, "अहो, तिथं दुसरा माणूस बसलाय."

"कुठं?"

"तिकडे. खोपटात. माझ्या भावाच्या जागी. हात त्याचा नाही."

त्यांनी वर पाहिलं. मी शेवटच्या ठोक्याचं सांगितलं, झांजेचं सांगितलं. लग्न झाल्यापासून एका दमात एवढं मी त्यांच्याशी बोलले नव्हते. ते नाडी तशीच सोडून बसून राहिले.

"अगं," ते हळू म्हणाले, "ते हातानं नाही देत कुणी. पितळेची एक चकती असते, कडेला दाते असलेली. मोटर तिला फिरवते आणि दात्यांवर ठोके पडतात. दिवसरात्र, माणूस असो नसो. एखादा दाता झिजला असेल, म्हणून शेवटचा तुटत असेल. आता चकती बदलली."

"मग भाऊ?"

"तो इंजिनाला तेल घालत असेल. झाडू मारत असेल. मला काय ठाऊक?" मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे वर्षभर तुम्ही दोघी..."

ते त्या दिवशी उशिरा कचेरीत गेले. जायच्या आधी मी पत्र लिहिलं, त्यांनी वर इंग्रजीत पत्ता घातला, आणि विमानतळाच्या साहेबालाही वेगळं इंग्रजी पत्र लिहिलं. मी चुलीपुढे बसले. काल रात्रीपर्यंत भाऊ होता. त्याला खोकला झाला तरी मला समजेल इतका जवळ. आता हिशोब लावला तर गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून त्याची काहीच खबर आमच्याकडे नव्हती.

आईला सांगणं भाग होतं. ती दुसऱ्या पहाटे पदर घेऊन येऊन बसलीच. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशीन असूंदे. मशीनीक चालवता कोण?"

"आई, ती आपोआप चालते."

"आपोआप काय चलता गो? चूल तरी आपोआप पेटता काय?"

पण तिनं हेडफोन मागितला नाही. त्या दिवसापासून ती जेवायला बसायची, भात कालवायची, आणि ताट तसंच सरकवायची. नळावर जाणं तिनं बंद केलं. पाणी मी आणू लागले, आणि ती बाई मला विचारू लागली, "काय, पहाटेचं बोलणं चालू आहे ना?"

पत्रांचं उत्तर आलं नाही. माघात एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. हातात पत्र्याची ट्रंक, अंगात कोट, आणि त्या कोटात आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. मी "कोण पाहिजे?" विचारणार, तोच आतून आई ओरडली, "बाबू!"

तिनं त्याला दारातच धरलं. तो काठीसारखा उभा. पाणी प्यायला, चहा घेतला, आणि मग सांगितलं. गेल्या वर्षीच्या पौषात ताप आला, तो छातीत उतरला. विमानतळावरून त्याला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात हलवलं. तिथं पाऊण वर्ष, मग विमानतळावर न जाता परस्पर बंदरात, बोटीची वाट बघत तीन महिने. आजूबाजूला आपली भाषा बोलणारं कुणी नाही, आणि विमानतळावर पत्र लिहून देणारा होता तो आधीच देशी परतलेला.

"टपाल विमानतळावर येतं," तो म्हणाला. "तिथला एक अरब दोस्त महिन्याकाठी दवाखान्यात भेटायला यायचा. मी म्हणायचो, माझं पत्र आलं नाही असं बघून ताई दोन ओळी टाकेलच. तो यायचा आणि हात हलवायचा." त्यानं रिकामा हात हलवून दाखवला. "मेलो की जिता आहे, कुणी विचारलं नाहीत. एका ओळीनं नाही."

"अरे, आमी रोज ऐकत होतंव ना तुका!" आई म्हणाली.

"मला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. सांगायला मीच उरले. मी चकतीचं, दात्याचं, झांजेचं सांगितलं. त्यानं ट्रंक कोपऱ्यात सरकवली. संध्याकाळी हे आले तेव्हा त्यांना म्हणाला, "दाजी, ऐकवा बघू मला."

दिवेलागण झाली होती, आवाज वर यायची वेळ. मी चौकट धरली. सांताक्रूझ बारीक झालं, विझलं. यांनी हेडफोन त्याला दिला. त्यानं डोळे मिटले. 

"हे असं वाजतं होय," तो म्हणाला. "तिथं मी कधी ऐकलंच नाही. तिथं नुसतं इंजिन."

मग डोळे उघडून त्यानं मला विचारलं, "मी दवाखान्यात होतो तेव्हाही असंच वाजत होतं?"

"हो."

त्यानं हेडफोन काढला, आईच्या मांडीवर ठेवला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. हे त्याच्या मागे गेले. परत आले आणि त्यांनी सेट बंद केला.

पुढे त्याची तब्येत सावरली. कुर्ल्याला एका कारखान्यात लागला, खोली घेतली, कबूल केल्याप्रमाणे आईला घेऊन गेला. आई जाताना नळापाशी मुद्दाम थांबली. यांचा छंद चालू राहिला, पण मला चौकटीवर बोलवायचं त्यांनी सोडलं. एका हातानं फिरवायचे, दुसऱ्या हातानं हेडफोन धरायचे.

मी दर रविवारी बसनं कुर्ल्याला जाते. भाऊ खाटेवर बसलेला असतो, धडधाकट. आई माझ्या हातात चहा देते. मी आत पाऊल टाकल्याबरोबर त्याला विचारते, "बरा आहेस ना?" समोर दिसतो तरी विचारते. तो "हं, बरा," म्हणतो, आणि ते पुरतं म्हणून व्हायच्या आत तोंड फिरवतो.