कंपनीला दिसलेली बाई

पडदा वर जातो, तेव्हा पेडण्याजवळच्या हळर्णातल्या एका सोप्यावर सकाळचे ऊन तिरपे आले आहे. मेजावर पाववाल्या पोदेराने टाकलेले दोन उंडे पाव, अर्धा चहा आणि एक मोबाइल. मोबाइलसमोर उघड्या अंगाने बसलेला बाबली हळर्णकर, वय वर्षे शहात्तर. मोबाइलवरची त्याची चित्रफीत काल बंद करण्यात आली होती. तो दुःखात असायला हवा होता. अंगणातून पाहतो तर स्वारी गालात हसत होती.

मी मयेहून तीन बस बदलून त्याचे सांत्वन करायला गेलो होतो.

"ये रघुनाथा," तो मला म्हणाला. "माझा बंद केल्यानी."

"कशासाठी?"

"वाच गो बाय."

नात गौरवी कॉलेजात शिकते. आजोबाच्या कलेचे एक पान ती मोबाइलवर, एका समाजमाध्यमावर चालवते. तिने त्या माध्यमाच्या कंपनीची नोटीस मराठी करून वाचली: या चित्रफितीत स्त्रीच्या उघड्या शरीराचे प्रदर्शन आहे, सबब ती काढून टाकण्यात आली आहे.

सांत्वनाचे दोन शब्द बसमध्ये जुळवून ठेवले होते, ते आतच राहिले.

आम्ही दोघांनी पस्तीस वर्षे जत्रेच्या नाटकांत बायकांची कामे केली. नायिका बाबली, तिची सखी मी. गावच्या बाया त्याचा अंबाडा पाहून घरी तसा घालून बघत. माझ्या अंबाड्याला एकदाच कोणीतरी चांगला म्हटले, आणि तो टोप भाड्याने देणारा माणूस होता. मला वाटले होते, म्हातारपणी तरी आम्ही सारखे झालो. आणि आता एका परदेशी कंपनीला त्याच्यात बाई दिसली. गौरवीने माझीही चित्रफीत लावली आहे. नऊवारी, नथ, गजरा, सगळा साज. ती अजून जाग्यावर आहे. एकसष्ट जणांनी पाहिली. कोणाची म्हणून हरकत नाही.

"मला दाखव तरी," मी गौरवीला म्हणालो. बाबलीची बंद झालेली चित्रफीत तिच्या फोनात होती.

बाबलीने त्यासाठी छातीवरचे केस काढले होते. पांढऱ्या कापडाच्या दोन पिशव्या त्याने हातात धरल्या आणि एकेक करून बांधायला घेतल्या. पस्तीस वर्षे तो हे काम चादरीआड करी. मी कितीदा विचारले, कितीदा चादरीच्या फटीतून पाहिले, पण त्याने दाद दिली नाही. आता सगळ्या जगाला सांगत होता: आत भाताचा कोंडा आणि मूठभर उकडे तांदूळ. वजन पाहिजे, म्हणजे श्वास घेतला की ते हलते आणि खांदे आपोआप खाली येतात. मी जन्मभर कापूस भरला. कापसाला वजन नाही. माझी सखी कितीही पळून आली तरी तिला कधी धाप लागली नाही.

"हे मला सांगितलं असतंस तर?"

"तर तू नायिका झालो असतोस," बाबली म्हणाला. "मग मी काय करू? पखवाज वाजवू?"

तेवढ्यात त्याचा मुलगा प्रशांत कामावर जायला बाहेर आला. बापाची चित्रफीत गेली त्याचे त्याला फारसे काही नव्हते. "जागा त्यांची, नियम त्यांचे," तो बूट घालता घालता म्हणाला. "सरकारने बंदी घातली तर सेन्सॉरशिप. ही खासगी कंपनी. आपल्या देवळाची कमिटी नव्हती का ठरवत, मंडपात काय करायचं ते?"

"कमिटीने नाही म्हटलं तर शेजारच्या गावात मंडप होता," गौरवी म्हणाली. "इथे सगळ्या जगाला एकच मंडप. त्यातून हाकलल्यावर आजोबाने कुठे नाचायचं?"

प्रशांत म्हणाला, "इथेच, वसरीत," आणि सोपा उतरून गेला.

कमिटीचे त्याने बरे काढले. एकदा बाबलीने पूतना केली होती. ती कृष्णाला छातीशी घेते, तो प्रवेश कमिटीला नको होता. अध्यक्ष आमच्या बिऱ्हाडी आले. बाबली जेवणापासून दिवेलागणीपर्यंत त्यांच्याशी भांडला. अध्यक्षांनी वैतागून विचारले, "तुझं वय काय रे एवढं बोलायला?" हा म्हणाला, "पूतनेचा की माझा?" अध्यक्ष हसले आणि तडजोड झाली: प्रवेश करायचा, पण लोकांकडे पाठ करून. त्या रात्री सगळा मंडप त्याच्या पाठीकडे पाहत बसला. ती पण बंदीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र बंदी घालणारा माणूस आमच्या चटईवर बसून आमचा चहा प्याला होता.

"फेरविचाराची विनंती एकदाच करता येते," गौरवी म्हणाली. "चार ओळींत कारण द्यायचं. रघुनाथमामा, तुम्ही लिहून द्या. मी इंग्लिश करते."

बाबलीने पेन माझ्यापुढे सरकवले. त्याचे हसू आता गेले होते. "लिव रे. फोनात ठेवन काय करू? ट्रंकेत शालू ठेवल्यासारखा झाला ता. कोणी बघलाच नाय तर?"

बाबली ही बाई नव्हे, हे जगाला लिहून द्यायची संधी मला पस्तीस वर्षे हवी होती. पेन हातात आल्यावर हात चालेना. शेवटी लिहिले: चित्रफितीतील व्यक्ती पुरुष आहे. वय शहात्तर. तो नाटकात स्त्रियांची कामे करी आणि त्याच्यासारखी कोणी केली नाहीत.

गौरवीने वाचून दाखवले. बाबलीने शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, "वय खोड."

वय खोडून तिने विनंती पाठवली. आम्ही एकेक उंडा चहात बुडवून खायला घेतला. तो संपायच्या आत उत्तर आले: आम्ही पुन्हा तपासले, निर्णय कायम आहे. खाली कोणाचे नाव नव्हते.

"चार मिनिटं," गौरवी म्हणाली. "कोणी वाचलंसुद्धा नाही." तिचे डोळे भरून आले होते.

बाबलीने मेजाखालून त्या दोन पिशव्या काढल्या, त्यांच्या नाड्या नीट गुंडाळल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. मग माझ्याकडे वळून, ती जुनी नायिकेची मान करून म्हणाला,

"बघ रघुनाथा. मी पुरुष म्हणान तू लिवन दिलंस, तरी त्यांका पटूक नाय."