भाटघरच्या कठड्यावरचं गणित

परवा गल्लीत कल्हईवाला बसला होता. नवसागराचा झणझणीत धूर नाकात गेला आणि भोरचा युसूफ आठवला. पुण्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. त्याच्या वडिलांचं भोरात कल्हईचं दुकान होतं, त्याच्या सदऱ्यालाही हाच वास असायचा.

दुसऱ्या सत्रात इंटिग्रेशन सुरू झालं आणि माझं गणित अडलं. संक्रांतीच्या सुट्टीत युसूफ मला भोरजवळच्या भाटघर धरणावर घेऊन गेला. गार दगडी कठड्यावर त्यानं खडूनं धरणाची भिंत काढली आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या आखल्या.

"जितकं खाली जाशील तितका पाण्याचा दाब जास्त. पट्ट्या लई बारीक करायच्या, हरेक पट्टीवरचा जोर काढायचा अन् सगळ्यांची बेरीज घ्यायची. झालं इंटिग्रेशन."

मला एकदम उमगलं. मी म्हणालो, "आता परीक्षेपर्यंत रोज असंच शिकव."

"मी आता पुण्याला न्हाई येणार," तो हात झटकत म्हणाला. "अब्बांना दिसंनासं झालंय. भट्टीवर कोण बसणार?"

वर्गात पहिला येणारा मुलगा हे सांगत होता. खाली पाणी भिंतीवर आपटत होतं.

"खालची पट्टी तू कर," म्हणत त्यानं खडू माझ्या हातात दिला.

तेव्हा वाटलं, याला कशाचंच काही नाही. आज वाटतं, मला शिकवण्याच्या निमित्तानं त्यालाच शेवटचं एकदा गणित करायचं होतं.

माझं उत्तर चुकलं. तो चिडला नाही. तळहातानं सगळं पुसून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.