आई, तू गाडीतच बस!

आमच्या घरी ट्रिपहून येताना धुण्याचे कपडे कमी आणि भांडणं जास्त येतात. कपडे दोन दिवसांत मशीनमधून निघून कपाटात जातात. भांडणं तशीच पडून राहतात आणि हळूहळू त्यांचे किस्से होतात. रॉकीजच्या डोंगरांतल्या ट्रिपचे मात्र लगेचच झाले. इथल्या, आमच्या व्हिटबी गावातल्या मैत्रिणी विचारतात, "काय गं, मजा आली का?" मजा! बसा, सांगते. चहा ओतून घ्या आधी, कारण मी अजून चिडलेली आहे.

*

चौघं होतो आम्ही. मी, आमचे हे, म्हणजे रिटायर्ड इंजिनिअर आणि स्वतःच नेमलेले लीडर, मुलगा निखिल आणि सून ऋचा. ती दोघं व्हँकुव्हरला असतात.

आता मूळ मुद्दा ऐका. नागपूरला मी शाळेत भूगोल शिकवायचे. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय, डोक्यावर पंखा नुसता करकरतोय, आणि मी वर्गभर पोरांना घसा ताणून हिमनदी शिकवतेय! स्वतः कधी पाहिली नव्हती. कॅनडात आले, तर नोकरी, निखिलची शाळा, दर हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसणं, सगळ्यात ते राहूनच गेलं. यंदा मी जाहीर केलं, "मला हिमनदीला हात लावायचाय. बाकी तुम्ही काय वाट्टेल ते बघा."

व्हिडिओ कॉलवर निखिलनं प्लॅन वाचला. हाइक कुठलीही असो, माझ्यासाठी एकच वाक्य. "आई कॅन रिलॅक्स इन द कार."

"अरे, हिमनदी काय गाडीत येऊन बसणारे माझ्या शेजारी?"

"आई, तुझे गुडघे..."

गुडघे माझे, आणि काळजीच्या मीटिंगा यांच्या! मी म्हटलं, "हिमनदी दरवर्षी मागे सरकतेय आणि माझे गुडघेही. मी आता कशाची वाट बघू?" यावर ऋचा अगदी गोड आवाजात म्हणाली, "आई, वी विल सी हं." हे "वी विल सी" ऐकलं की माझं डोकंच फिरतं. याचा अर्थ "नाही"!

*

निघायच्या दिवशी देवघरात दिवा लावायला गेले, तर घंटा गायब. सगळं घर पालथं घातलं. शेवटी सापडली कुठे? यांच्या हायकिंगच्या बॅगला, सुतळीनं बांधलेली!

"अहो, हे काय?"

"अस्वलांसाठी. तिकडे बेअर बेल लावून चालतात लोक. घरात पितळेची आहे की!"

"आणि देवाला काय सांगू? तुमची घंटा अस्वलाकडे गेलीय म्हणून?"

"देव समजून घेईल. अस्वल नाही समजून घेणार."

संतापानं मी एअरपोर्टपर्यंत एक शब्द बोलले नाही. यांना वाटलं मला झोप आलीय.

*

कॅम्पग्राउंडवर नियम असा की ज्याला वास येतो ते तंबूत ठेवायचं नाही. सगळं बाहेरच्या लोखंडी पेटीत. हे लगेच माझ्यावर घसरले. "तुझे धपाटे काढ! तुझी लसणाची चटणी काढ! तुझ्यापायी अस्वल येईल!" सगळ्या कॅम्पसमोर माझी पिशवी उपसली. ऋचाची पावडरची पाकिटं बघून मात्र, "व्वा, किती लाइटवेट!" त्या पावडरीत गरम पाणी ओतलं की म्हणे भात होतो. होतो, पण भिंतीला लावायचा!

तेवढ्यात पार्कच्या रेंजरबाई फेरीला आल्या. तंबूजवळ थबकल्या, नाक वर केलं आणि विचारलं, "व्हॉट इज दॅट स्मेल?"

पिशवी तर पेटीत गेलेली. बाई हुंगत हुंगत यांच्यापर्यंत पोचल्या. जाकिटाच्या खिशातून निघाली हिंगाच्या गोळ्यांची डबी! झाकण उघडल्याबरोबर बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"फॉर गॅस," आमचे लीडर म्हणाले.

डबी पेटीत गेली. जाकीटही गेलं. रात्रभर हे माझी शाल पांघरून कुडकुडले. मी दिली शाल, पण सुनावून दिली.

*

दुसऱ्या दिवशी तळ्यावर निखिल फोटोसाठी कठडा ओलांडून खडकावर चढला. खाली बर्फाचं पाणी! मी शाळेतला आवाज काढला. "निखिल! उतर खाली!" अख्ख्या तळ्यावरची माणसं वळली. दोन परकी पोरंसुद्धा खडकावरून उतरली.

"मॉम, कीप युअर व्हॉइस डाउन! पीपल आर स्टेअरिंग!"

हे मी त्याच्या किंडरगार्टनपासून ऐकतेय. ग्रोसरीत, लायब्ररीत, त्याच्या ग्रॅज्युएशनला, अगदी त्याच्या लग्नातसुद्धा. अरे, तू पडशील म्हणून माझा जीव जातोय आणि तुला आवाजाची लाज?

परतताना त्याच रेंजरबाई भेटल्या. त्यांनी बॅगेची घंटा हलवून पाहिली आणि मान हलवली. म्हणाल्या, असल्या घंटेनं काही होत नाही, मोठ्यानं बोलत चाला, माणसाचा आवाजच सगळ्यात चांगला. मी निखिलकडे बघितलं. तो बुटाची लेस बांधायला लागला. बांधलेलीच होती.

*

शेवटचा दिवस हिमनदीचा. पार्किंगमध्ये उतरले, तर निखिलनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "हीटर लावून बस. आम्ही तुला व्हिडिओ पाठवतो."

व्हिडिओ! इतकी वर्षं फळ्यावर काढली, आता फोनवर बघू? रडूच आलं मला, रागानं. समोर पाटी होती, हिमनदीच्या पायथ्याकडे, सोपी वाट. पण यांना ॲपवर डोंगराच्या धारेवरून जाणारी वाट सापडलेली, "टुरिस्ट नसतात तिकडे!" गेले तिघं, घंटा वाजवत.

मी चहाचा थर्मास खांद्याला लावला आणि गाडी लॉक केली. एक म्हातारं जोडपं काठ्या टेकत पाटीच्या वाटेनं निघालं होतं, त्यांच्या मागे निघाले. थांबत, गुडघ्यांना शिव्या देत, पोचले. फळ्यावर मी पांढऱ्या खडूनं काढायचे. ही मळकट, राखाडी, आणि चिरेत निळीशार. हातमोजा काढला आणि हात लावला. बधिर होईपर्यंत काढला नाही.

जोडपं परत फिरलं, मी तिथेच दगडावर बसले. मग ढग उतरला. धार दिसेना. आणि वरून कुठूनतरी आमच्या देवघरातली घंटा ऐकू आली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, पुन्हा डावीकडून. टुरिस्ट नसलेल्या वाटेवर लीडर हरवले होते!

मी उठले आणि सुरू केलं. "अहो! इकडे! ॲपवाले! पाटी वाचता येत नाही का? निखिल, बाबांचा हात धर! ऋचा, खाली बघून पाय टाक!" घंटा एका जागी थांबली, मग सरळ माझ्याकडे यायला लागली. बोलता बोलता घसा सुकला. पायांचा आवाज अगदी जवळ आला, तेव्हा मी श्वास घ्यायला थांबले.

"आई! थांबू नकोस!" ढगातून निखिल ओरडला. "मोठ्यानं बोल! अजून मोठ्यानं!"

मी दगडावर बसले, थर्मास उघडला आणि सावकाश चहा ओतून घेतला.