उसवलेली वेल

मशीनचे दाते खाली करूनही शिवता येतं, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं आणि कळल्यावर आधी रागच आला. सुईच्या खाली जे बारीक दाते असतात ते कापड पुढे ओढतात. त्यांच्या भरवशावर मी जन्मभर देवासमधल्या शाळांचे गणवेश शिवले. आमच्या घरात शिवण बापजाद्यांपासून आहे. दाते खाली करायचे ते रफू करायला किंवा बटण लावायला, शिवण घालायला नव्हे, असं मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

हे खूळ घरात आणलं मुलीने. तिला धारला दिली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आली तेव्हा तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा देशातली एक बाई दाते खाली करून, सुईभोवती कापड दाबणारा मशीनचा गोल पाय लावून, तीन थरांची रजई दोन्ही हातांनी इकडेतिकडे फिरवत होती. पेन जागेवर आणि कागद फिरतोय, असा प्रकार. रजईवर पानं उमटत होती, वेटोळी उमटत होती.

"बाबा, तुम्ही पण करा ना हे. दुकान तसंही ठंडं पडलंय," मुलगी म्हणाली.

"हे शिवण नाही, हा पोरखेळ आहे," मी म्हणालो.

दुकान ठंडं होतं हे खरं. तयार गणवेश आल्यापासून माझ्याकडे फक्त पँट आखूड करायला लोक येत. म्हणून दुसऱ्या दिवशी, मुलगी आणि तिची आई बाजारात गेल्यावर, मी दार लोटून तो पोरखेळ करून पाहिला. कापड हलेचना. हात सवयीने मशीनने ओढायची वाट पाहत बसले आणि सुईने एकाच जागी दोऱ्याचा गोळा करून ठेवला. उशीचे दोन अभ्रे वाया गेले. बायको परत आल्यावर मी सांगितलं की मशीनला तेल देत होतो.

व्हिडिओतली बाई सरळ रेघेसाठी गोल पायाला पारदर्शक पट्टी टेकवत होती. पट्टी मला आयुष्यभराची ओळखीची, म्हटलं हे आपल्याला जमेल. दुकानातली पातळ प्लास्टिकची पट्टी घेतली. ती पायाखाली सरकली, सुई तिच्यावर आदळली आणि तुटलेलं टोक माझ्या चष्म्यावर येऊन लागलं. तेव्हा कळलं की पट्टी जाड हवी, पाय तिच्यावर चढता कामा नये. मग बसस्टँडजवळ नावाच्या पाट्या बनवणाऱ्याकडून जाड अॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या, एक सरळ आणि एक कमानीसारखी.

"भिया, नंबर प्लेट बना रिये हो क्या?" त्याने विचारलं.

मी पैसे देऊन निघालो. रजईसाठी म्हणालो असतो तर दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं असतं.

पट्ट्यांच्या खालून खरखरीत पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवले, म्हणजे त्या कापडावरून घसरत नाहीत. आणि मग मला ते जमलं. चौकड्या, खवले, एकमेकांना छेदणाऱ्या कमानी, जे म्हणाल ते. पट्टीला पाय टेकला की माझी रेघ केसभर हलत नसे. पट्टी काढली की मात्र सगळा आनंद. मी पान काढावं आणि बायकोने विचारावं, "हे काय, वांगं?"

खरा हात तिचाच होता. ती माहेरची धरमपुरीची. लहानपणापासून हाताने गोधड्या घालायची, धावदोऱ्याच्या, कुठे खूण न करता. एक दिवस मला बाजूला सारून ती मशीनवर बसली, दोन्ही तळवे कापडावर पसरले आणि पाहता पाहता वेल काढली. कुठे थांबली नाही, कुठे मागे गेली नाही. मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याहून जास्त हेवा वाटला. हे आज लिहितोय, तेव्हा कबूल केलं नव्हतं.

"पट्टी नसली की तुम्ही आंधळे," ती म्हणाली, आणि ते वर्षभर मला ऐकवत राहिली.

पुढच्या हिवाळ्यात तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजू लागला, मग सुईत दोरा ओवता येईना. इंदूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कंप थोडा कमी होईल म्हणाले, जाईल असं म्हणाले नाहीत. ती घरी येऊन थेट स्वयंपाकाला लागली. त्यानंतर तिने हातात गोधडी घेतली नाही.

आणि तेव्हाच मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली.

आमच्यात बाळाला बारशापर्यंत नवं कापड लावत नाहीत. पहिलं दुपटं जुन्या, मऊ झालेल्या सुताचं, आणि ते आईच्या आईनेच शिवायचं. मुलीसाठी तिच्या आजीने शिवलं होतं, बायकोसाठी तिच्या आजीने. विकतचं चालत नाही, दुसऱ्या कोणाच्या हातचं चालत नाही. मी शिंपी असून मला त्यात कधी कोणी विचारलं नव्हतं.

बायकोने ट्रंकेतून तिची विरलेली सुती लुगडी काढली, मध्ये जुन्या चादरीचा थर घातला आणि मशीनवर बसली. हातसुई धरता येत नव्हती, पण कापड ढकलता येईल असा तिचा हिशेब. चारही कडांनी वेल काढायची होती. पहिल्याच वितीत मला दिसलं की वेल थरथरतेय. पानांना करवतीसारखे दाते पडले होते, देठ मध्येच दचकला होता.

"पट्टी घे. पट्टी धरलीस की हात हलला तरी रेघ हलत नाही," मी म्हणालो. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पट्टीचं काम हेच आहे.

तिने धरून पाहिली. पण पट्टी दाबायला एक हात गुंततो आणि तिच्या दुसऱ्या हातात आता कापड सांभाळायचं बळ नव्हतं. पट्टी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिने ती माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"तुमची काठी तुमच्याजवळ ठेवा. वेल कधी पट्टीने काढतात का?"

रोज सकाळी गोळी घेतल्यावर अर्धा तास तिचा हात जरा ऐके. तेवढ्या वेळात ती वीतभर वेल काढी. असं करत तीन आठवड्यांत तिने चारही कडा पुऱ्या केल्या. शेवटचा टाका घातला तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या. मी "छान" म्हणालो आणि दुकानात जाऊन बसलो.

आता माझ्या धंद्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. शिंप्याच्या हाताला वाकडी शिवण सहन होत नाही. माझ्याकडे जे कारागीर कामाला होते, त्यांची वाकडी टीप मी न विचारता उसवून पुन्हा घालत असे. त्यात राग नसे आणि अपमानही नसे. नाक पुसावं इतकं ते सहज असे.

एके दिवशी बायको मुलीला घेऊन तपासणीला इंदूरला गेली. दिवसभराचं काम होतं. मी दुपटं काढलं, ब्लेड घेतलं आणि वेल उसवली. चारही कडांची. बारीक टाके होते, दुपारचे तीन वाजले. मग पट्टी ठेवून कडांना चौकड्या घातल्या, एकसारख्या, कोपऱ्यावर बरोबर जुळणाऱ्या. इस्त्री फिरवली. दोऱ्याचे तुकडे झाडून बाहेर टाकले. खरं सांगतो, मला वाटलं ती खूश होईल.

संध्याकाळी ती आली, दुपटं पलंगावर दिसलं म्हणून हातात घेतलं. कडेवरून बोट फिरवलं. चारही बाजू फिरवलं.

"माझं कुठंय?" तिने विचारलं.

"अगं, जरा वाकडं होतं, म्हणून नीट केलं."

"मला ठाऊक नव्हतं का वाकडं आहे ते?"

एवढंच. ती भांडली असती तर मी चार शब्द सुनावले असते, मला भांडता चांगलं येतं. पण तिने दुपट्याची घडी घातली, मुलीच्या पिशवीत ठेवली आणि भाजी निवडायला बसली. मुलगी माझ्याकडे पाहून हिंदीत म्हणाली, "बाबा, आपने ये क्या कर दिया?" तिला लहानपणापासून राग आला की मराठी सुचत नाही.

आठ दिवसांनी मुलीला मुलगी झाली. दवाखान्यात आमच्या विहीणबाईंनी दुपटं पाहिलं आणि म्हणाल्या, "हात थरथरतो म्हणता, आणि शिवण काय हो सरळ!"

"ती ह्यांनी घातलीय," बायको म्हणाली. "आजोबांनी." आणि नातीचे पाय झाकले.

मला त्या जागी बसवेना. मी पंचावन्न वर्षांचा असताना वडील गेले तेव्हा रडलो नव्हतो. तिथे दवाखान्याच्या जिन्यात रडलो. तिच्या हातचं एकच काम उरलं होतं आणि ते मी कचऱ्यात टाकलं होतं.

मायलेकी घरी आल्यावर मी दुपटं मागून घेतलं आणि माझ्या चौकड्या उसवल्या. कापड उजेडात धरलं तर जुन्या सुतात तिच्या वेलीची भोकं अजून दिसत होती, बारीक, एकामागे एक. धुतलं असतं तर बुजली असती. मी ते तिच्यापुढे नेलं.

"भोकं आहेत सगळी. ह्यांच्यावरून पुन्हा घाल. मी दोरा भरून देतो."

तिने कापड डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "तेव्हा हात तिथून गेला होता. आज तिथून कसा जाईल?"

"मग जाईल तिथून जाऊ दे."

तिने कापड खाली घेतलं. मग उठली आणि मशीनवर बसली. मी दोरा भरला, दाते खाली केले. हात पहिल्यापेक्षा वाईट झाला होता. एका बैठकीत वेल चार बोटंच पुढे जाई, म्हणून ती दिवसातून पाच-सहा वेळा बसे. कधी ती काठावरून बाहेर जाई, कधी स्वतःलाच ओलांडून परत येई. मी शेजारी बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. बारशाच्या आदल्या दिवशी तिसरी बाजू संपली आणि तिने पाय पेडलवरून काढला.

"बस्स," ती म्हणाली. "एवढंच आहे आता हातात."

त्यानंतर ती मशीनवर बसलेली नाही.

बारशाला पाळण्याशी बायका जमल्या. विहीणबाईंनी दुपटं उलटून पाहिलं आणि मला हाक मारली. "व्याहीबुवा, एक बाजू कोरीच राहिली की हो. तुम्ही घालून देता का? तुम्हाला किती वेळ लागणार!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचा उजवा हात पदराखाली होता.

"नाही," मी म्हणालो. "पूर्ण झालंय ते."